आडवी लाट

४ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र फाडणारच असशील तर पहिलं पान फाड. ते रागाचं आहे. दुसरं ठेव, ते कामाचं आहे.

'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, खोडलं. नमस्कार ठीक आहे, प्रेमाचं तुझं तू बघ. तीन वर्षं माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस. रिगच्या ऑफिसात फोन लावला तर तिथला माणूस विचारतो, "कोण बोलतंय?" मी म्हणते, "बहीण." मग तो फोनवर हात ठेवतो आणि थोड्या वेळानं सांगतो, "साहेब साइटवर आहेत." हाताच्या आडूनसुद्धा तुझा आवाज ऐकू येतो रे. "नाही म्हणून सांग" हे जरा हळू म्हणत जा.

म्हणून सामानाच्या गाडीतून पत्र पाठवतेय. ड्रायव्हरला बजावलंय, हातात द्या, टेबलावर ठेवू नका.

शेवटचं एकदा लिहिते. शेजारच्या विहिरीवर तुम्ही घाईसाठी मड, तो विहिरीत भरायचा चिखल, हलकं ठेवलंय, अशी तक्रार हेड ऑफिसला गेली. ती मी केली नव्हती. फोन बाईचा होता आणि त्या बाईला विहिरीची खडानखडा माहिती होती, एवढ्यावरून तू माझ्यावर शिक्का मारून मोकळा झालास. तुला घरी बसवलं, बढती हुकली, सगळं मान्य. पण मी फोन केला असता तर नाव सांगून केला असता. माझं तोंड तुला माहीत आहे. ते गप्प बसत नाही, पण लपूनही बोलत नाही.

पान उलट.

तुझ्या नव्या विहिरीचा नकाशा आमच्या ऑफिसातून निघालाय. दुसरा पाइप बसवून खाली गेलात की वाळूच्या खडकाचा एक जाड थर लागेल आणि तो गॅसनं भरलेला असेल, असं आमचे साहेब म्हणतात. पुरावा काय, तर जमिनीवर धक्के देऊन ज्या लाटा खाली सोडल्या त्या तिथे मंदावतात. तू चेष्टेनं म्हणायचास ना, "तुम्ही लोक दार ठोठावून आत कोण आहे ते सांगता"? अगदी तेच. फक्त माझं काम दाराशी संपत नाही. आतल्या खडकाची हाडं किती घट्ट आहेत, भोकं किती आहेत आणि भोकांत काय भरलंय, ते मला त्या आवाजावरून सांगायचं असतं.

लाट मंदावायला दोन कारणं असू शकतात. एक, भोकांत गॅस. तसं असेल तर तुला हारतुरे. दुसरं, भोकांत साधं खारं पाणीच, पण चहूबाजूंनी कोंडलेलं, प्रचंड दाबाखालचं. तसं असेल तर तुमच्या प्लॅनमधलं मड त्याला दाबून धरू शकणार नाही. मड जड तर खालचं खाली राहतं आणि हलकं तर खालचं वर येतं, हे मला तूच शिकवलंस, ऑफिसनं नाही.

दोन्हींतला फरक ओळखता येतो. त्यासाठी लांबच्या कोनातून, म्हणजे तिरपे जाऊन दूरवर परत आलेले आवाज लागतात. आणि मला दिलेल्या डेटात नेमके तेच कापून टाकलेत. नीट, सरळ रेषेत, कात्रीनं कापल्यासारखे.

कुणी आणि का, ते शोधते. तोवर मडचं बघ.

तुझी धाकटी


१३ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. (होती.)

आमच्याकडे डेटा स्वच्छ करणारा एक जण आहे, त्याला सगळे 'गाळणी' म्हणतात. कच्चा डेटा त्याच्यातून गाळला जातो आणि मग आम्हाला मिळतो. त्याला कँटीनमध्ये गाठलं.

"लांबचे कोन कुठे गेले?"

"कुठले कोन?" त्यानं उगाच चमचा ढवळायला सुरुवात केली. कप रिकामा होता.

"तू कापलेस ते."

"मी स्वतःहून काही कापत नाही. मला सांगतात तेवढं करतो."

"कोण सांगतं?"

त्यानं साहेबांच्या केबिनकडे पाहिलं, मग दाराकडे, मग माझ्याकडे. "तुझा भाऊ आहे ना त्या रिगवर?" असं म्हणून उठला. हा काय प्रश्न झाला, सांग बरं. काळजीनं विचारला की धमकीनं, मला अजून कळलेलं नाही.

परत जागेवर आले तर माझ्या मशीनवर त्या विहिरीचं फोल्डर उघडेना. सकाळी उघडत होतं. आयटीवाले म्हणाले, "काहीतरी अपडेट चालू असेल." नेमकं त्याच दिवशी आणि नेमकं त्याच फोल्डरचं.

तू म्हणशील हिला सगळीकडे भुतं दिसतात. दिसतात. पण या वेळी भुताचे पाय उलटे आहेत हेही दिसतंय.

दुसऱ्या दिवशी गाळणीनं न बोलता माझ्या टेबलावर एक डिस्क ठेवली आणि निघून गेला. त्यात न कापलेला डेटा आहे. हा माणूस माझ्या बाजूनं आहे की मला अडकवायला बघतोय? बघत असेल तर बघो. मी कामाला लागलेय.

धाकटी


२१ फेब्रुवारी

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. पाठकोऱ्या कागदावर एक ओळ: 'कामात लुडबूड नको, तक्रारी करत बस.' चला, अक्षर तरी अजून तसंच आहे, कोंबडीच्या पायांसारखं.

राग आला. तो घेऊनच काल वहिनीकडे गेले. म्हटलं, नवऱ्याला समजावेल. दोन-तीनदा बेल वाजवल्यावर दार उघडलं, तेही साखळी लावूनच. आतून मला पाहिलं आणि साखळी काढायला तिला इतका वेळ लागला की शेजारची बाई येऊन बघून गेली.

चहा केला. बसली नाही, ओट्याला टेकून उभी राहिली.

"तू त्याला पत्रं लिहितेस?"

"हो. कामाची."

"फक्त कामाचीच?"

"का गं?"

"नाही, सहज." मग पाठ करून नळ सोडला, अगदी पूर्ण, आणि त्या आवाजात विचारलं, "त्या फोनचं काही लिहिलंस का? त्या जुन्या तक्रारीचं?"

म्हटलं, "लिहिलं. मी केला नव्हता म्हणून लिहिलं."

तिच्या हातातली बशी सिंकमध्ये पडली. फुटली नाही. पण ती बराच वेळ बशीकडे बघत राहिली, जणू फुटलीच आहे.

दादा, नणंदेनं भावजयीबद्दल लिहिलं की लोक म्हणतात, आलं नेहमीचं रामायण. तरी लिहिते. ती काहीतरी लपवतेय. तीन वर्षं तुझे कान कुणी भरले, हा प्रश्न मी आजवर स्वतःला विचारला नव्हता. आता विचारतेय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी तिच्या स्वयंपाकघरात लख्ख पाहिलं.

मडचं काय केलंस?

धाकटी


१ मार्च

दादा,

आधी हे: मागच्या पत्रात वहिनीबद्दल लिहिलेलं विसर. मी वेडी आहे, तापट आहे, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ती काही लपवत नाही. रविवारी ती माझ्याकडे आली होती, आम्ही पुष्कळ बोललो, आणि मला माझीच लाज वाटली. काय बोललो ते विचारू नकोस.

त्या तक्रारीचा विषयही आता सोडून दे. माझ्या नावावर आहे ना, राहू दे तिथेच. माझे खांदे रुंद आहेत. पण एक मनात ठेव, ज्या कुणी तो फोन केला त्या बाईला तुझी नोकरी नको होती, तू हवा होतास. धड, दोन्ही हातापायांसकट, दाराशी उभा.

आता काम.

त्या भागातल्या दुसऱ्या एका जुन्या विहिरीतून वर काढलेला तसाच वाळूचा खडक अजून आमच्या गोदामात पडून आहे. त्यातला अंगठ्याएवढा तुकडा कापून घेतला, लॅबमध्ये रबराच्या वेष्टनात घातला, बाहेरून दाबला, जितका तो खाली दाबलेला होता तितका. मग त्यातून आवाज पाठवला.

दोन प्रकारच्या लाटा असतात. एक दाबत जाते, गर्दीत मागून धक्का मारावा तशी. दुसरी आडवी हलते, दोरी झटकल्यासारखी. आडव्या लाटेला पाणी आणि गॅस यांतलं काही कळत नाही. तिला फक्त खडकाचा सांगाडा कळतो. भोकांतलं पाणी काढून गॅस भरला तेव्हा दाबाची लाट धाडकन मंदावली, आडवी होती तशीच राहिली. मग परत पाणी भरलं आणि पाण्याचाच दाब वाढवत नेला. आतून पाण्यानं रेटल्यावर कणांची एकमेकांवरची पकड सुटते, सांगाडाच सैल होतो. दोन्ही लाटा मंदावल्या, आणि आडवी जास्तच.

गाळणीच्या डिस्कमधले लांबचे कोन काय सांगतात? तुझ्या थरात आडवी लाटही मंदावलीय. खूप.

तिथे गॅस नाही, दादा. असलाच तर नावाला. तिथे कोंडलेलं पाणी आहे.

हे सगळं घेऊन साहेबांकडे गेले. मनात तयारी करून गेले होते की आता हा माणूस घाबरेल, दरवाजा लावून घेईल, काहीतरी कबूल करेल. त्यांनी मला बसायला सांगितलं, स्वतः उठून खिडकी उघडली, माझे सगळे आलेख टेबलावर पसरून अगदी मन लावून पाहिले.

"हे कोन मीच कापायला सांगितले," म्हणाले. "लांबचे आवाज ताणले जातात, त्यात कचरा फार असतो. मागे एकदा त्यांच्यावर विसंबून मी तोंडावर पडलोय. तेव्हापासून नेहमीच कापतो. या विहिरीसाठी मुद्दाम नाही."

"आणि माझं फोल्डर?"

"तेही मीच बंद केलं. तुझा भाऊ तिथे आहे. आपलं माणूस खाली असलं की आवाजात नको ते ऐकू येतं. डॉक्टरसुद्धा घरच्यांचं ऑपरेशन करत नाहीत."

"पण सर, लॅबमधला खडक माझा भाऊ नाही."

ते हसले. मनापासून हसले. मग म्हणाले, "एका तुकड्यावरून अख्खी विहीर थांबवायला सांगू? तू या कामातून थोडी बाजूला हो."

दादा, मी ज्याला लबाड समजत होते तो लबाड नाही. लबाडाला पकडता येतं. खात्री झालेल्या माणसाला कुठून धरायचं?

म्हणून आता तूच उरलास. तुला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, तरी सांगते. खोदणारं बिट एकाएकी लोण्यात गेल्यासारखं उतरायला लागलं, वर येणारा चुरा बारीक न येता लांब चिरफळ्यांनी यायला लागला, टाकीतलं मड कारण नसताना वाढायला लागलं, तर साहेबांच्या नकाशाकडे बघू नकोस. आणि खरं तर तोवर थांबूच नकोस.

माझ्यावर विश्वास ठेवू नको हवं तर. खडकावर ठेव.

धाकटी


५ मार्च

दादा,

आज पुढचं पत्र द्यायला गेले तर ड्रायव्हर म्हणाला, "ताई, या खेपेला पाकीट मांडीवरच ठेवावं लागेल. गाडीत बॅराइटची पोती खच्चून भरलीत. तुमच्या भावानं मागवलीत, शेजारच्या रिगकडून उसनी."

बॅराइट म्हणजे मड जड करायची पावडर, एवढं मला कळतं.

ते पत्र परत घेतलं, त्याऐवजी एवढंच लिहिते. पत्रात लिहायचं होतं ते पोत्यांनी सांगितलं.

धाकटी


११ मार्च

दादा,

बातमी आधी ऑफिसात आली आणि ती अर्धीच आली. कुणीतरी जिन्यात म्हणालं, "विहीर उसळली." एवढंच. मी जिन्यातच खाली बसले. गाळणीनं वरून माझ्या पिशवीसकट पाण्याची बाटली आणली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसून फोन लावत राहिला. एकाच नंबरवर, पुन्हापुन्हा. या माणसावर मी संशय घेतला होता.

मग हळूहळू कळलं. त्या थरात बिट शिरताच खालून पाण्याचा लोंढा आला. तू मड प्लॅनपेक्षा जड ठेवलं होतंस म्हणून तो लोंढा धावत न येता रेटत आला, आणि तुम्हाला विहिरीच्या तोंडावरचा मोठा व्हॉल्व्ह बंद करायला वेळ मिळाला. सगळी माणसं जिवंत आहेत. तुझं मनगट मोडलं. कुठलं ते कुणालाच सांगता येईना. डावं असू दे, असं मी म्हणत राहिले, जणू माझ्या म्हणण्यानं हाड बदलणार होतं.

वहिनीला मी फोन केला.  पलीकडून एकच वाक्य आलं, "चालता येतंय ना त्याला?"

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

चौकशी समितीनं तुला विचारलं की प्लॅन मोडून मड जड कुणाच्या सांगण्यावरून केलं. तू म्हणालास, "माझा अंदाज." ऑफिसभर झालंय. सगळे म्हणतात, काय तो अनुभव, काय ते नाक! साहेबसुद्धा म्हणाले.

मी चार वाक्यं लिहून खोडली. खरं काय ते सांग. माझी नोकरी राहावी म्हणून माझं नाव गाळलंस की 'धाकटीनं सांगितलं' हे चारचौघांत तोंडातून निघेना म्हणून? तुला मी ओळखते म्हणून मला दोन्ही खरं वाटतं. आणि संशयाची इतकी सवय झालीय की चांगलं कारण समोर असलं तरी हात आधी वाईटाकडेच जातो.

मग मीच मिटवलं. काल साहेब माझ्या टेबलापाशी आले. हातात माझे ते आलेख होते. म्हणाले, "त्याला तूच कळवलंस ना?"

"हो सर."

"माझ्या परवानगीशिवाय."

"हो."

त्यांनी आलेख टेबलावर ठेवले.  "माझी खात्री होती गं," एवढंच म्हणाले. आज समितीला त्यांनी स्वतःच सांगितलं की इशारा आमच्याच ऑफिसातून दिला गेला होता आणि आपण तो मानला नाही. आता मला काढतील की ठेवतील, देव जाणे. पण तुझा 'अंदाज' आता माझ्या नावावर आहे. रागावलास तर रागाव. त्या रागाला निदान कारण तरी खरं असेल.

धाकटी


१९ मार्च

दादा,

वहिनी चार दिवसांपासून माझ्याकडे आहे. एक बॅग घेऊन आली आणि बाहेरच्या खोलीत बसली.  विचारायची गरजच नव्हती.

तिनं तुला फोनवर सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी हेड ऑफिसला फोन तिनंच केला होता. तू घरी जेवताना सांगायचास, मड हलकं ठेवलंय, दिवस वाचतायत, वरचे खूश आहेत. ती ऐकायची, मान डोलवायची आणि रात्रभर छताकडे बघत पडायची. मला विचारावं तर मी तुझ्याशी भांडेन, तुला सांगावं तर तू हसशील. मग तिनं तोंडावर पदर धरून फोन केला. तू माझं नाव घेतलंस तेव्हा ती घाबरली, आणि एकदा गप्प बसलेलं माणूस रोज थोडं जास्त गप्प होत जातं. माझ्याकडे आली त्या रविवारी ती हे सांगूनच रडली होती, आणि मी तिला शपथ घातली होती की तुला सांगायचं नाही. शपथ तिनं मोडली. बरं केलं. तिच्या जागी मी मोडली नसती, इतका शहाणपणा माझ्यात नाही.

आणि तू काय केलंस? ऐकलंस, फोन ठेवलास आणि तिचा नंबर ब्लॉक केलास.

वा, दादा. तेच औषध, फक्त पेशंट बदलला.

मी धाकटी आहे, पण आज मोठ्यासारखं बोलते. तुझा अबोला मी तीन वर्षं सोसला. मला माझं घर होतं, माझं काम होतं, दगडांशी बोलून दिवस काढता आले. तिला तसं नाही. ती रोज सकाळी उठून तुझ्या मनगटाची चौकशी त्या रिगवरच्या ऑफिसात करते आणि तो माणूस तिला म्हणतो, "कोण बोलतंय?" तिला 'बायको' हा शब्द उच्चारता येत नाही. फोन ठेवून देते.

तिनं तुझा विश्वासघात केला, असं तुला वाटतं. त्या वेळी त्या विहिरीत काही झालं नाही, म्हणून तिची भीती तुला खोटी वाटली. ती खोटी नव्हती. विहीर खालच्या थरापर्यंत पोचली नव्हती इतकंच, कारण तिच्या फोनमुळे तुमचं काम तिथेच थांबलं आणि विहीर सोडून दिली गेली. मी आता तिथला सगळा डेटा पाहिलाय. तोच थर त्या विहिरीच्या खालीही आहे. त्या हलक्या मडवर तुम्ही आणखी खाली गेला असतात तर आज मनगटावर भागलं नसतं. हे मी तुझी बहीण म्हणून सांगत नाही. साहेबांनीही आकडे तपासून सही केलीय.

म्हणजे दोनदा वाचलास. दोन्ही वेळा घरच्या बायकांनी वाचवलं आणि दोन्ही वेळा तू फोन बंद केलास.

हे पत्र सामानाच्या गाडीनं येतंय, पण ड्रायव्हरच्या हातून नाही. तिला मी म्हटलं, माझी सगळी पत्रं त्यानं वाचलीत, हेही वाचेल, पण वाचून झाल्यावर काय करेल ते मला सांगता येत नाही. ती म्हणाली, "मग मीच घेऊन जाते. फाडलं तर समोर फाडेल."

पुढ्यात उभी आहे ती. प्रवासात काही खाल्लं नसेल. वाचायला जितका वेळ लावशील तितका वेळ ती तशीच उभी राहील, तिला बस म्हणून कुणी सांगितलेलं नाही.

कागद ठेव आणि तिला बसायला सांग.